जळणासाठी चेनसॉ: निवडावा कसा, वापरावा कसा

(रेडिओवरील शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



रब्बीचे खळे उरकले की जळणाची आठवण होते. मृगाच्या आत लाकूड कापून, फोडून, रचून त्यावर पत्रा टाकला नाही, तर पावसाळ्यात ओल्या लाकडाच्या धुराने डोळे चोळत बसावे लागते. गॅस घरोघर आला हे खरे. पण अंघोळीच्या पाण्याचा बंब, जनावरांची आंबोण, लग्नकार्याची चूल यांना लाकूड अजून लागतेच.

पूर्वी हे काम कुऱ्हाडीवर आणि दोघांनी ओढायच्या करवतीवर चाले. आता गावोगाव चेनसॉ दिसू लागला आहे. कोणी त्याला लाकूड कटर म्हणतात, कोणी नुसते कटर मशीन. दोघांचे दिवसभराचे काम हे यंत्र तासाभरात करते. म्हणून आज त्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट आधी सांगतो, कारण बाकीचे सारे तिच्यावर उभे आहे. करवत माणसाच्या दमाबरोबर चालते. माणूस दमला की करवत थांबते. यंत्र दमत नाही. माणूस दमतो आणि यंत्र चालूच राहते. घात होतो तो तिथे.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या डाव्या गुडघ्याच्या वर वीतभर लांबीचा व्रण आहे. वैशाखातली गोष्ट. बांधावरची वाळलेली बाभूळ पडली होती आणि मी सकाळपासून तिचे तुकडे करीत होतो. दिवस मावळायला आला. दोनच ओंडके राहिले होते. घरून हाक आली, चहा झालाय. मी म्हटलं, आलोच, एवढं उरकतो. ओंडका कापून झाला आणि यंत्र बंद न करता मी पुढच्या ओंडक्याकडे पाऊल टाकले. बोट खटक्यावरून काढले होते, पण चेन अजून फिरत होती. अंगात साधी सुती विजार. कापड फाटल्याचे आधी कळले, जखम झाल्याचे मागून. हाड वाचले हे नशीब. त्या साली आमची पेरणी भावाने केली आणि मी ओट्यावर बसून पाहिली. त्या दोन ओंडक्यांचे जळण आठ दिवससुद्धा पुरले नसते!

यंत्र घ्यावे का?

तुम्ही म्हणाल, शेजाऱ्याने घेतले, आपणही घेऊ. थोडा हिशेब करा. वर्षाला बैलगाडीभर जळण लागत असेल तर यंत्र विकत घेण्याचे कारण नाही. चांगली धार लावलेली करवत पुरते, नाहीतर जाणता माणूस यंत्रासकट दिवसाच्या बोलीवर आणावा. गुऱ्हाळ आहे, बांधावर सुबाभूळ किंवा निलगिरीची लागवड आहे, वेडी बाभूळ माजली आहे, फळबागेची छाटणी दरवर्षी निघते, अशांनी यंत्राचा विचार करावा. चार-पाच घरांनी मिळून एक घेतले तरी चालेल. मात्र ते चालवणारे एक-दोघेच ठरलेले असावेत. दहा हातांतून फिरणाऱ्या यंत्राची काळजी कोणीच घेत नाही.

कोणते घ्यावे?

पेट्रोल, वीज आणि बॅटरी असे तीन प्रकार मिळतात. विजेचे यंत्र हलके असते, पण वायर जाईल तिथपर्यंतच चालते. वायर चेनखाली येण्याची भीती असते आणि ओल्यात ते वापरता येत नाही. घराजवळ, कोरड्या जागी, घोडीवर लाकूड ठेवून कापायला ते ठीक आहे. बॅटरीचे लहान यंत्र फांद्या छाटायला सोयीचे. ते आवाज कमी करते म्हणून लोक त्याला खेळणे समजतात. बोट कापायला त्यालाही क्षण पुरतो. साफ करण्यापूर्वी बॅटरी काढून ठेवावी. रानात, बांधावर, ओंडके कापायला पेट्रोलचेच यंत्र लागते.

पेट्रोलच्या यंत्रात पुष्कळांचा मोह मोठ्याकडे जातो. ५८ सीसीचे, २२ इंची बारचे यंत्र दुकानात रुबाबदार दिसते. पण आपले जळणाचे लाकूड केवढे असते? बहुतेक वीतभर जाडीचे. त्याला ३५ ते ४५ सीसीचे इंजिन आणि १४ ते १६ इंची बार पुरतो. बार लाकडाच्या जाडीपेक्षा थोडा लांब असला म्हणजे झाले. लांब बारचे टोक आपल्यापासून दूर जाते, पलीकडे कशाला लागते ते दिसत नाही. शिवाय जड यंत्राने हात लवकर भरून येतात, आणि दमलेल्या हाताबद्दल मी आत्ताच सांगितले.

दुकानात या गोष्टी हात लावून पाहाव्यात:

१. पुढच्या मुठीसमोर उभा दांडा असतो. तो पुढे ढकलला की चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. हा चेनब्रेक. तो नसेल किंवा नीट लागत नसेल तर ते यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नका.

२. मागच्या मुठीवर कुलपासारखा खटका असतो. तो तळहाताने दाबल्याशिवाय इंजिनाचा वेग वाढता कामा नये.

३. चेन तुटली किंवा निसटली तर तिला अडवणारा लहान आकडा बारच्या मुळाशी असावा.

४. मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबर किंवा स्प्रिंग असावी. नाहीतर हादऱ्यांनी बोटे बधिर होतात.

५. बारचे आवरण, पाना, कानस आणि वापराचे माहितीपत्रक सोबत मिळाले पाहिजे.

६. चेन, प्लग आणि फिल्टर तालुक्याच्या गावी मिळतात का, दुरुस्त करणारा मिस्त्री आहे का, हे आधी विचारावे. स्वस्तात घेतले आणि सुटा भाग मिळेना, तर यंत्र माळ्यावर पडते.

दुकानदाराला यंत्र चालू करून दाखवायला सांगा. त्यात संकोच करू नका. सरकारी अनुदान सध्या आहे किंवा कसे, हे खरेदीपूर्वी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कचेरीत विचारून घ्यावे.

पेट्रोल आणि तेल

यंत्राला दोन टाक्या असतात. एक इंधनाची, दुसरी चेनच्या तेलाची. यांची अदलाबदल करू नका.

बहुतेक पेट्रोल यंत्रे टू-स्ट्रोक असतात. त्यांत नुसते पेट्रोल घातले तर पिस्टन जाम होऊन इंजिन निकामी होते. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोकचे तेल मिसळावे लागते. किती, ते माहितीपत्रकात दिलेले असते. प्रमाण ५० ला १ असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल, २५ ला १ असेल तर ४० मिलिलिटर. मापाने घाला, अंदाजाने नको. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते ओल धरते. म्हणून महिन्याभरात संपेल एवढेच मिश्रण करावे आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करून ठेवावी.

चेनच्या टाकीत बारचे तेल घालावे. गाडीतून काढलेले काळे तेल घालण्याची खोड पुष्कळांना आहे. त्यात लोखंडाचा कीस असतो, तो तेलाचे भोक बुजवतो आणि बार खातो. हातालाही ते तेल वाईट. तेल येते का हे पाहण्यासाठी बारचे टोक पांढऱ्या कागदावर थोडे दूर धरून वेग वाढवा. कागदावर तेलाची रेघ उमटली पाहिजे.

पेट्रोल भरताना इंजिन थंड होऊ द्या. बिडी-काडी लांब ठेवा. भरलेल्या जागेपासून चार पावले दूर जाऊन मगच यंत्र चालू करा.

अंगावर काय घालावे?

धोतर, लुंगी, गळ्यातला टॉवेल, मफलर, साडीचा पदर हे सगळे या कामात घातकच. चेनमध्ये कापडाचे टोक गेले तर ती माणसाला ओढून घेते. अंगाबरोबर बसणारे कपडे, जाड तळव्याचे बूट, हातमोजे, डोळ्यांना चष्मा, डोक्याला हेल्मेट आणि कानाला आवाज अडवणारे झाकण हवे. यंत्राचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. आज काही वाटत नाही, पण दहा वर्षांनी माणूस 'काय म्हणालात?' असे विचारू लागतो.

सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पायांचे संरक्षण. चेनसॉसाठी वेगळी पँट किंवा मांडीवर बांधायचे आवरण मिळते. त्यात लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली तर धागे तिच्यात अडकून ती थांबवायला मदत करतात. दुकानात नसेल तर मागवून घ्या आणि यंत्राच्या किमतीतच त्याची किंमत धरा. महाग वाटेल. माझ्या दवाखान्याच्या बिलापुढे ते काहीच नव्हते.

यंत्र चालू करताना

एका हाताने यंत्र लोंबकळत धरून दुसऱ्या हाताने दोरी ओढायची, ही पद्धत वाईट. यंत्र सपाट जमिनीवर ठेवा. चेनब्रेक लावा. उजव्या पायाचा चवडा मागच्या मुठीत घाला, डाव्या हाताने पुढची मूठ घट्ट दाबा आणि उजव्या हाताने दोरी ओढा. बार माती-दगडाला लागू देऊ नका. इंजिन मंद चालत असताना, ब्रेक सोडल्यावर, चेन स्थिर राहिली पाहिजे. फिरत असेल तर आधी मिस्त्री गाठा.

धरताना डावा हात पुढे, उजवा मागे. डावखुऱ्यांनीही असेच धरावे, कारण यंत्राची घडण तशी असते. अंगठा मुठीखालून वळवून घ्यावा. चेनच्या रेषेत मान किंवा डोके नको; आपण किंचित डावीकडे उभे राहावे. खांद्याच्या वर यंत्र उचलू नये. शिडीवर किंवा झाडावर चढून तर मुळीच चालवू नये.

टोकाचा झटका

आता नीट लक्ष द्या. चेन बारच्या वरच्या बाजूने आपल्यापासून दूर धावते आणि टोकाला वळून खालून परत येते. या वळणावर, टोकाचा वरचा भाग लाकडाला, फांदीला किंवा मागच्या ओंडक्याला लागला, तर चेन क्षणभर अडते आणि सारा जोर उलटा फिरतो. बार एकदम वर उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे आणि मानेकडे येतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हे घडते. तेवढ्यात सावरू असे कोणी समजू नये.

यावर उपाय एकच: टोकाने कापू नये आणि टोक कुठे आहे याचे भान सुटू देऊ नये. ढिगाऱ्यातले लाकूड ढिगाऱ्यातच कापू नका, एकेक ओढून बाहेर घ्या. दोन्ही हात मुठींवर असतील तर डावे मनगट पुढच्या दांड्यावर आपटून चेनब्रेक लागायला मदत होते. एका हाताने चालवणाऱ्याला तो आधार नाही.

ओंडका कापताना

ओंडका कोणाला धरायला सांगू नका. बायकोने फांदी धरली आहे, पोराने ओंडक्यावर पाय ठेवला आहे आणि घरधनी कापतो आहे, असे मी किती ठिकाणी पाहिले! त्यापेक्षा लाकडाची एक घोडी करून घ्या. दोन फुल्या आणि मध्ये आडवे दांडके, गावचा सुतार ती सहज करून देईल. ओंडका त्यात बसला की हलत नाही. बाकी माणसे, मुले आणि कुत्री पंधरा-वीस फूट लांब असावीत.

लाकडात ताण असतो, तो ओळखायला शिका. ओंडका दोन्ही टोकांना टेकला असेल आणि मध्ये अधांतरी असेल, तर वरून कापताना फट मिटते आणि बार चिमटून धरला जातो. अशा वेळी वरून एक तृतीयांश कापावे, मग उरलेले खालून. एक टोक टेकलेले आणि दुसरे अधांतरी असेल तर उलटे: आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. खालून कापताना यंत्र आपल्याकडे ढकलले जाते, तेव्हा पाय रोवून उभे राहा. ओंडका पूर्ण जमिनीवर असेल तर पाऊण भाग कापा, ओंडका फिरवा आणि उरलेला भाग दुसरीकडून कापा. चेन क्षणभर मातीला लागली तरी धार जाते.

बार अडकला तर यंत्राशी झटापट नको. इंजिन बंद करा, फटीत पाचर ठोका, मग बार काढा. बांधावरच्या बाभळीत कुंपणाची तार आणि रस्त्याकडेच्या झाडात पाट्यांचे खिळे सालीखाली गडप झालेले असतात. कापण्यापूर्वी पाहून घ्या.

दोन-तीन पावलांच्या वर चालायचे तर चेनब्रेक लावा. लांब जायचे तर इंजिन बंद करून बारवर आवरण घाला. माझ्याकडून एवढेच राहिले होते.

आणि टाकी संपली की बसा. सततच्या कामात एक टाकी साधारण अर्ध्या-पाऊण तासात संपते. ती विश्रांतीची खूण समजा. पाणी प्या, चेनचा ताण आणि धार पाहा, मगच पुढची टाकी भरा. दिवस मावळताना, पावसात, दारू घेऊन किंवा एकट्याने हे काम करू नये. १८ वर्षांखालील मुलांच्या हाती यंत्र देऊ नये.

उभे झाड

उभे झाड पाडणे हे वेगळे शास्त्र आहे. नवशिक्याने त्यात पडू नये. पडण्याच्या बाजूला आधी खाच घ्यावी लागते, मागून काप घेताना मध्ये बिजागरीसारखे लाकूड शिल्लक ठेवावे लागते आणि मागे तिरके पळायची वाट मोकळी ठेवावी लागते. झाडाच्या दुप्पट उंचीइतक्या अंतरात कोणी असता कामा नये. विजेच्या तारांजवळचे झाड असेल तर वीज कंपनीच्या माणसांना बोलवा.

आणखी एक. यंत्र आले म्हणून झाड तोडायची मुभा मिळाली, असे नाही. महाराष्ट्रात १९६४ च्या झाडे तोडण्याच्या नियमन कायद्यानुसार आंबा, फणस, चिंच, मोह, जांभूळ, साग, खैर, चंदन अशी ठरावीक झाडे आपल्या स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. आधी वनखात्याच्या कचेरीत चौकशी करावी. जळणाला वाळलेले, पडलेले, छाटणीचे लाकूड आधी वापरावे.

धार आणि निगा

धारदार चेन लाकडाच्या बारीक ढलप्या उडवते. पिठासारखा भुसा पडू लागला किंवा यंत्र जोराने दाबावे लागले, की धार गेली समजा. बोथट चेन माणसाला अधिक दमवते आणि अधिक उसळते. गोल कानशीने प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन घास द्यावेत, एकाच दिशेने, आतून बाहेर. कानशीची जाडी चेनप्रमाणे ४ किंवा ४.८ मिलिमीटर अशी ठरलेली असते. ती दुकानदाराकडून चेन घेतानाच विचारून घ्यावी.

चेन बारला खालून टेकलेली असावी, तरी हातमोजा घालून हाताने ओढता यावी. काम संपल्यावर ती थोडी सैल करा, कारण तापलेली चेन थंड होताना आखडते. हवेचा फिल्टर आणि बारची खाच रोज साफ करा. चेनला हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करून प्लगची टोपी काढावी.

जखम झाली तर

कामाच्या जागी स्वच्छ कापड आणि चालू फोन असावा. जखम झाली तर माणसाला आडवे करा, कापडाची घडी जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी जोराने दाबून धरा आणि १०८ क्रमांकाला फोन करा. कापड भिजले तरी ते काढू नका, वर दुसरे ठेवून दाब चालू ठेवा. हळद, चुना, कॉफी, राख काही भरू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी डॉक्टरांना आठवण करा.

थोडक्यात

कामापुरते लहान यंत्र घ्या. चेनब्रेक तपासल्याशिवाय सुरुवात करू नका. पायांचे संरक्षण घाला. टोकाने कापू नका. लाकूड घोडीवर ठेवा, माणसाला धरायला लावू नका. पाऊल टाकण्यापूर्वी ब्रेक लावा. टाकी संपली की बसा.

आणि घरून चहाची हाक आली, तर यंत्र बंद करून जा. राहिलेले ओंडके उद्या सकाळी तिथेच असतात.

रामराम.